तेलावरचा भरवसा

सरावली,
१८ सप्टेंबर २०१६

ती. बाबांना,
सुषमाचा वाकून नमस्कार, वि. वि. वाकल्यावर नजर तुमच्या पायाकडेच जाते, त्याला इलाज नाही.

फोनवर तुम्ही नुसते हो हो करता आणि फोन ठेवला की पुन्हा आपलं तेच. म्हणून पत्र लिहितेय. मुकेशदादा रोज डहाणू-तलासरी ईको गाडी चालवतो, त्याच्या हाती देते. कागदावर लिहिलेलं मला सांगितलंच नव्हतं, असं तरी तुम्हाला म्हणता येणार नाही.

उजव्या तळव्यावर करंगळीखाली झालेली जखम पाच महिने भरत नाही, ती साखरेमुळे. आधीच्या डॉक्टरांनी अर्धं पाऊल काढायला सांगितलं. आमच्या दवाखान्यातले सर म्हणाले, तीन महिने बघू या. दर बुधवारी इथे दवाखान्यात पाय ओला करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा, पिशवीत ओझोनचा वायू सोडायचा आणि अर्धा तास तसाच ठेवायचा. ते मी करीन. नऊ वर्षं ड्रेसिंगच करतेय मी, घाबरू नका. घरी लावायला ओझोन मुरवलेलं तेल सोबत पाठवलंय, ते थंड जागी ठेवा. ड्रेसिंग आईनं रोज बदलायचं. आणि जाड तळाचा सँडल पायातून काढायचा नाही. घरात नाही, अंगणात नाही, कुठेच नाही.

तुम्ही कंटाळून सगळं सोडून द्याल, म्हणून मुद्दाम सांगते, हे तेल भलतंच जबरदस्त आहे. लावलं की जंतू जवळसुद्धा येत नाहीत.

गोळ्या चुकवू नका. आईवर उगाच डाफरू नका. माझ्यावर चिडलात तरी माया कमी करू नका.
तुमची,
सुषमा

वडपाडा, तलासरी,
१६ ऑक्टोबर २०१६

चि. सुषमास,
बाबाचा आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.

मला कागदावर पकडतेस काय! मीपण सातवी पास आहे, उत्तर देऊ शकतो. तेलाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलीय. तुझी आई ती तीर्थासारखी जपून काढते. वास मात्र विचारू नकोस. झाडावर वीज पडल्यावर येतो ना, अगदी तसा. शेजारचा चिमण दोनदा हुंगून गेला आणि गुडघ्याला चालेल का म्हणून विचारत होता. मी साफ नाही म्हटलं. आपलं तेल, त्याला कशाला?

सँडल घालून घरात फिरतो, तर तुझी आई, माझी हिरी, म्हणते, आले साहेब. गेल्या बुधवारी तू पट्टीनं जखम मोजलीस तेव्हा तुझ्या तोंडावरूनच कळलं. चाराची तीन सेंटिमीटर झाली, हो ना? मला तर काही दुखत नाही. काटा रुतला तेव्हाही कळलं नव्हतं, चादरीला रक्त दिसलं म्हणून समजलं.

भात यंदा झकास आहे. दिवाळी झाली की कापणी, मग झोडणी. खळ्याची जागा आत्ताच साफ करून ठेवलीय.

जावयांना नमस्कार सांग. कामावर उपाशी जाऊ नकोस, तेवढं ऐक म्हणजे मी तुझं ऐकीन.
तुझा बाबा,
लाहू

सरावली,
२३ नोव्हेंबर २०१६

ती. बाबांना,
राग आहे, म्हणून नमस्कार शेवटी करते.

आज ड्रेसिंग सोडलं तर पट्टीच्या तळाला चिंध्या झालेल्या, आणि जखमेत खोल भाताचं एक तूस. मी ते चिमट्यानं काढून ट्रेमध्ये ठेवलं. तुम्ही छताकडे बघत होता. शेजारी सर उभे होते, म्हणून तिथे म्हणायचं राहिलं ते इथे लिहिते. सँडल घातलेल्या पायात तूस शिरत नाही, बाबा.

आत पू झालाय. पिशवी आज बांधलीच नाही. सरांनी एक्स-रे सांगितलाय. हाडापर्यंत पोचलं असेल तर वायूही कामाचा नाही आणि तेलही नाही, कापावंच लागेल. किती कापायचं ते एक्स-रे ठरवेल. दोन महिने इतकं छान चाललं होतं! का केलंत? बाकी काही लिहू नका, तेवढंच लिहा.

नमस्कार. तुमच्यावरच चिडलेली आणि तुमचीच,
सुषमा

वडपाडा, तलासरी,
२७ नोव्हेंबर २०१६

चि. सुषमास,
आशीर्वाद घेशील ना? दिलेत.

विचारलंस म्हणून सांगतो. खळ्यावर आपल्यात कुणी पायात घालून जात नाही, हे तुला माहीत आहे. तिथं कणसरी उतरलेली असते. आपल्या अन्नाची माय ती. माझ्या बापानं एकदा तलाठ्यालाही चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. आणि पूजेला घरातून मीच उभा राहतो. त्या रास घातलेल्या भातासमोर मी सँडल घालून कसा जाऊ, ग?

पण बेफिकीर नव्हतो मी. त्या दिवशी सकाळी तुझं पत्र पेटीतून काढून पुन्हा वाचलं. लावलं की जंतू जवळसुद्धा येत नाहीत, असं तूच लिहिलंयस. मग सगळी बाटली पायाला चोपडली, वरून पट्टी बांधली आणि मगच सँडल काढला. तीन दिवस झोडणी केली. पायाखाली काय आलं ते मला कुठून कळणार?

तुझ्यावर ढकलत नाही. हिरी माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीये, तेवढी शिक्षा पुरे आहे. तू तरी बोल.
तुझा बाबा

सरावली,
३० नोव्हेंबर २०१६

ती. बाबांना,
सुषमाचा नमस्कार, आज दोन वेळा.

तुमचं पत्र मी ड्रेसिंगच्या खोलीत वाचलं आणि दार लावून रडले. आधी एक्स-रेचं सांगते. करंगळीचं हाड खराब झालंय, बाकीचं पाऊल वाचेल. शनिवारी करंगळी काढणार. आईला घेऊन शुक्रवारीच या.

आता माझं. सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ओझोननं जंतू मारायला मदत होते, पण जखम त्यानं किती भरते हे त्यांनाही छातीठोक सांगता येत नाही. खरं काम साखर ताब्यात ठेवण्याचं, रोजच्या ड्रेसिंगचं आणि पायावर भार न देण्याचं. ते मी तुम्हाला लिहिलंच नाही. तुम्ही ऐकावं म्हणून तेलाला मोठं केलं. बाबा, सगळ्याच पेशंटना मी असं सांगत आले. लोक खूश होतात, नेमानं येतात, मला बरं वाटतं. तुम्ही मात्र अक्षर न् अक्षर खरं मानलंत.

चूक सँडलची तुमची, तेलाची माझी. मला माफ करा, आणि यायला उशीर करू नका.
तुमची,
सुषमा

वडपाडा, तलासरी,
५ नोव्हेंबर २०१७

चि. सुषमास,
चार बोटांच्या पायाकडून आशीर्वाद.

जखम होळीला भरली ती अजून बंद आहे, आई रोज आरसा धरून बघते. कशानं भरली ते तुम्ही दवाखान्यातली माणसं ठरवा. पिशवी होती, तेल होतं, साखरेची सुई होती, आणि तीन महिने खाटेवर बसून हिरीच्या शिव्या खाल्ल्या त्याही होत्या. चिमण अजून तेलाचंच नाव घेतो. मी त्याला सँडल दाखवतो.

पुढच्या रविवारी झोडणी आहे. खळं सारवून झालं. सँडल मी काढणार नाही, आणि तो घालून खळ्यावरही जाणार नाही. बाहेर खाट टाकलीय, तिथं बसेन. पण पूजेला घरचं कुणीतरी अनवाणी उभं राहायला हवं. चिमण म्हणाला, लग्न होऊन गेलेल्या मुलीनं कसं राहायचं? मी म्हटलं, जिनं माझं पाऊल राखलं तिनंच राहायचं. तुझी आई सरळ पूजेचे तांदूळ निवडायला बसली. म्हणजे झालं.

रजा काढ आणि ये. चपला माझ्या खाटेजवळ काढ, मी सांभाळतो. आणि हे बघ, खळ्यावर पायाला काही टोचलं तर शहाण्यासारखी गप्प राहू नकोस. चांगली मोठ्यानं ओरड. मला ऐकायचंय.

वाट बघतो.
तुझा बाबा