ओल्या कापडाचा समुद्र

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बेटावर सुखरूप पोचले. लेकीने धक्क्यावरच मिठी मारली आणि दुसऱ्या क्षणाला विचारलं की पेटीत दगड भरलेत का. शिलाई मशीन आणलंय म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. ती शिकवते ती शाळा आणि तिचं घर यांच्यामध्ये नुसतं एक कुंपण आहे. दोन खोल्या, पुढे ओटा. ओट्यावर माझं मशीन बसलंय आणि तिथून समुद्र दिसतो, त्यामुळे दोरा सुईत जायला वेळ लागतो.

दादा, रागावू नकोस, पण तुझ्यासारखा समुद्र इथे कुठेच नाही. जन्मभर तू फोटो स्टुडिओंसाठी समुद्राचे पडदे रंगवलेस, मी त्यांच्या कडा शिवल्या, आणि दोघांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता! इथे काठाजवळचं पाणी निळं नाहीच. हिरवं म्हणावं तर तेही नाही. वाळू पांढरी आहे आणि दुपारी पायाखाली करकरते. मला शिंपिणीला हे रंग सांगता येत नाहीत, म्हणून चिंध्यांच्या पिशवीतून हुबेहूब जुळणारे तुकडे निवडलेत. प्रत्येकाला चिठ्ठी टाचली आहे: काठाचं पाणी, त्यापुढचं, लांबचं आणि ओली वाळू.

खरं तर तूच ये. वहिनीला घेऊन ये. लोभ आहेच, त्याला जरा बोटीत बसव.

तुझी,
बारकी

१४ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुकडे अगदी वेळेवर आले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात पेशंट बसतात तिथली अख्खी भिंत मला दिलीय. समुद्रच काढा म्हणाल्या, म्हणजे लोक दाढ विसरतील. पडदे आता कोणी मागत नाही हे तू जाणतेस. स्टुडिओवाले कॉम्प्युटरातून हवा तो समुद्र माणसांच्या मागे चिकटवतात. बऱ्याच काळाने काम आलंय, तेव्हा पहिली रेघ तीनदा पुसली, पण ते वहिनीला लिहू नकोस.

आता नीट उत्तरं दे. लाट वाळूवर येऊन संपते तिथली कड कशी असते? ती मागे जाते तेव्हा वाळूवर काय उरतं? झाडाची सावली पाण्यावर पडते का? मी नारळ नेहमी पाण्याकडे झुकलेले काढले. स्टुडिओवाले चेष्टा करायचे की मास्तर, झाड पडेल फोटोत. ते खरंच झुकतात की मी आपला झुकवत बसलो?

यायचं मात्र जमणार नाही. ही भिंत आहे, वहिनीचे गुडघे आहेत, शिवाय मला बोट लागते.

माया आहे तशीच ठेव, उत्तर मात्र लांबवू नकोस.

तुझा,
दादा

(बोट कधी पाहिली नाही तर लागते कसं कळलं, असं विचारू नकोस.)

२४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नारळ झुकतात! पहिलं उत्तर हेच, कारण मला आनंद आवरेना. एक तर इतका आडवा झालाय की लेकीच्या शाळेतली पोरं त्यावर बसून डबा खातात. उजेड पाण्याच्या बाजूला जास्त, म्हणून झाड तिकडे जातं, असं लेक म्हणते. तेव्हा स्टुडिओवाल्यांचं काही ऐकू नकोस.

लाटेची कड सरळ नसते, फ्रिलसारखी असते, आणि जाताना लाट वाळूवर बारीक फेसाची किनार सोडून जाते. ती बघेपर्यंत विरते. सावली पाण्यावर पडते आणि पाण्याखालच्या वाळूवरसुद्धा पडते. मी स्वतः उभी राहून पाहिलं, माझ्या दोन सावल्या होत्या आणि दोन्ही जाड्या.

तू विचारलं नाहीस तेही सांगते. ओहोटीला वाळूवर बाजरीएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटते. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचं. वाळू तोंडात घालतात, त्यातलं खाण्याजोगं तेवढं खातात आणि उरलेली गोळी करून मागे टाकतात. मी वाकून बघायला गेले की सगळे बिळात, सरळ झाले की पुन्हा कामाला. सकाळचा चहा त्यांच्या नादात रोज गार होतो. भरतीचं पाणी जिथवर येतं त्याच्या वर एक जांभळ्या फुलांची वेल पसरलीय, तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राने आपली मर्यादा तिच्यापाशी ठेवली, असं नाव देणाऱ्याला वाटलं असणार. भिंतीवर ती जरूर काढ.

वहिनीच्या गुडघ्यांना काय झालं? मागच्या महिन्यात तर ती माझ्याबरोबर अख्खा बाजार पायी फिरली. लोभ असावा, सबबी नसाव्यात.

तुझी,
बारकी

९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

भिंत झाली. तुझ्या तुकड्यांना तंतोतंत धरून रंग कालवले, स्वतःचं डोकं अजिबात चालवलं नाही. डॉक्टरीणबाई छान म्हणाल्या, पण त्या सगळ्यांनाच छान म्हणतात, दात काढतानासुद्धा. त्यांची नर्स मात्र भिंतीपुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि विचारती झाली की मास्तर, पहिला हात तर झाला, खरा रंग कधी लावणार?

खरंच, पाण्यात दूध सांडल्यासारखी दिसते. दोष तुझा नाही. तू डोळ्यांनी पाहिलंस ते पाठवलंस, माझ्या हाताला ते पेललं नाही. इतकी वर्षं पडद्यावर खपून गेलं, कारण बघणाऱ्यांनीही पाहिलेलं नव्हतं. आता पुरे.

खेकड्यांचं वाचून वहिनी खूप हसली. पत्र पाठवत राहा, तुकडे नकोत.

तुझा,
दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे देवा! दादा, ते तुकडे मी पाण्यात उभं राहून, पाण्यात बुडवून जुळवले होते. ओले पाकिटात घातले तर पत्राचा लगदा होईल, म्हणून दोरीवर वाळवून पाठवले. आयुष्य कापडात गेलं माझं, आणि ओलं कापड गडद दिसतं हे तुला लिहायचं सुचलं नाही! आणि तू रंगात जन्म काढलास, तुलाही विचारायचं सुचलं नाही! आई असती तर म्हणाली असती, दोघं एकाच साच्यातली.

पत्र खाली ठेव, वाडग्यात पाणी घे आणि तुकडे त्यात टाक. मग मला कळव. लोभ आहे ना? की तोही दोरीवर वाळत घातलास?

तुझी,
बारकी

२७ फेब्रुवारी

चि. बारकी वन्संस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या दादांऐवजी मी लिहितेय, कारण ते लिहिणार नाहीत. तुकडे वाडग्यात घातले. ते काठाच्या पाण्याचं कापड ओलं झालं तेव्हा हे खुर्चीवरून उठलेच, इतका तो रंग होता. मला वाटलं, आता ब्रश घेऊन दवाखान्यात पळतील. तर ब्रश धुतले, फडक्यात बांधले आणि माळ्यावर टाकले. मी खूप विचारल्यावर बोलले. नुसती चिंधी अशी आहे तर खरा समुद्र कसा असेल, म्हणाले. तो पाहिला की माझं सगळं काम खोटं ठरेल आणि मग मी घरात बसून करू काय? वन्सं, भीती ही आहे. बोट वगैरे काही नाही, आणि माझे गुडघे ठणठणीत आहेत.

मी यांचं तिकीट काढलंय. एकट्यांचं. बरोबर यायला मला का आवडलं नसतं? पण प्रत्येक पडदा पुरा झाला की हे आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग पडद्याकडे. तिथेही तसंच करतील. यांना एकदा स्वतः बघू द्या. डॉक्टरीणबाईंना मी सांगितलंय की भिंत थोडी थांबवा.

दोन दिवस गप्प राहिले तर घाबरू नका, तिसऱ्या दिवशीही गप्प राहिले तर मला कळवा. माझा जीव तिकडे लागलेला असेल.

तुमची,
वहिनी

२० मार्च

चि. सौ. हिस, असं लिहिलं आणि खोडलं. लग्न झाल्यापासून आपण एकमेकांना सोडून राहिलोच नाही, तेव्हा तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, हे बारकीला विचारलं तर ती हसत सुटली. काय शोभेल ते तू धरून चाल.

बोट लागली नाही. भाची मला धक्क्यावरून थेट वाळूवर घेऊन गेली. बराच वेळ उभा होतो. मग खाली बसलो. माझं खोटं ठरेल अशी भीती होती ना? ठरलं. लाटा खोट्या, आभाळ खोटं. पाण्याची लांबची रेघ मी हाताने काढायचो, इथे ती पट्टीने आखल्यासारखी आहे. एक नारळ तेवढा खरा निघाला. आणि हे सगळं खोटं ठरल्यावर झालं काय, तर मला कडकडून भूक लागली. घरी येऊन दोनदा वाढून घेतलं. बारकीने ते तुला कळवलं असेलच.

दुसऱ्या दिवसापासून भाचीच्या शाळेतले खडू घेऊन ओट्याच्या फरशीवर काढत बसलोय. जमत नाही. पण कसं जमेल ते शोधायची इतकी उत्सुकता तरुणपणीही नव्हती. पाणी तासातासाला रंग बदलतं, मी हातातला खडू बदलेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं! डॉक्टरीणबाईंना सांग, भिंत मी पुन्हा करणार, आणि नर्सबाईंना सांग, त्या बरोबर बोलल्या.

एकच अडचण आहे. ऊन पाण्यात शिरलं की खालची वाळू जाळी विणल्यासारखी हलते. ते दिसलं की मी "अगं, हे बघ" म्हणून वळतो. बाजूला बारकी असते. ती बिचारी बघते, छान म्हणते. पण मी तिला हाक मारलेली नसते.

तिकीट काढून ये. तू का आली नाहीस ते बारकीने सांगितलं, आणि ते योग्यच केलंस. आता माझं बघून झालंय. आता मला तुझ्या तोंडाकडे बघायचंय.

तुझाच