एबरलेबाईंची किल्ली

२ सप्टेंबर, सोमवार

किल्ली माझ्याकडे! वीतभर लांब, हातात पाना धरल्यासारखी जड. फ्राऊ एबरले पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमात चालल्या. चाळीस वर्षं त्या गावचं चर्च रोज सकाळी उघडतात, संध्याकाळी बंद करतात. आता ते मी करेन का, विचारतात. "धम्मदीपा, तुम्ही समोरच राहता, आणि वेळ पाळता!" रविवारी उत्तर द्यायचंय, नाहीतर चर्च फक्त नाताळात उघडणार.

मी बौद्ध. इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासते. माझा काय संबंध?

३ सप्टेंबर

फ्राऊ एबरलेंनी सगळं दाखवलं. बांधकाम १४८६चं की १४६८चं — जर्मन आकडे मला अजून उलटेच ऐकू येतात. तीन फूट जाड भिंती. चुन्याच्या पांढऱ्या हाताखाली झाकलेली संतांची चित्रं. दाराशेजारी भिंतीत एक तिरकं भोक, बाहेरून विटांनी बुजवलेलं. महारोग्यांना आत मज्जाव होता. ते बाहेर उभं राहून त्यातून प्रार्थना ऐकायचे. पायरीवर उभ्या आईला मराठीत सांगितलं. तिने विटांवरून बोट फिरवलं.

लातूरहून येऊन महिना झाला, पण आई आत येत नाही. बावीस प्रतिज्ञा पाळणारी बाई! फ्राऊ एबरलेंना सांगून टाकलं, "आई दुसऱ्या धर्माच्या ठिकाणी जात नाही." त्यांनी आदराने मान डोलावली. बरं केलं.

५ सप्टेंबर

पाऊस. आई छत्री घेऊन पायरीवर. आत येत नाही, घरीही जात नाही! माणसाने समजायचं काय?

६ सप्टेंबर

शेवटी विचारलंच. "प्रतिज्ञा मोडते म्हणून येत नाहीस ना?"

आई हसली. "प्रतिज्ञेत चर्च कुठंय गं? कुनी ये म्हनलंच नाही."

लहानपणी तिचा थोरला भाऊ न बोलावता गावच्या देवळात शिरला होता. त्याला खांबाला बांधून मारलं. तेव्हापासून परक्या दारात ती थांबते. आणि मी शहाणी! ज्या फ्राऊ एबरले 'या' म्हणाल्या असत्या, त्यांचंच तोंड मी बंद करून बसले. फार लाज वाटली.

"चल, आत्ता चल," म्हटलं.

"तू कोन बोलावनारी? तुझं घर हाय का ते?"

झोप उडाली. रविवारी काय सांगू, अजून कळत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

फ्राऊ एबरलेंना हो म्हटलं. दार मी उघडलं, उंबऱ्याच्या आत उभी राहिले. "आई, ये."

आली. वेदीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ त्या भोकाशी गेली, आतल्या बाजूने विटांवर हात ठेवला.

"दीपे, इथून आतल्यांना बाहेरचं मानूस दिसत असंल का गं?"