ताईच्या वाटचा जप

३ मार्च, सकाळी ६.१०
ताईचं हृदयाचं ऑपरेशन सतरा तारखेला. तोवर पडून राहायला सांगितलंय. तीस वर्षं रोज तीन माळा जप करते. आता हात थरथरतो, माळ निसटते. म्हणून काल तिने माळ माझ्या हातात दिली. मी हिंडाफिरायला लागेपर्यंत माझ्या वाटचं तू कर, म्हणाली. तीन कसल्या, अकरा करीन, असं मी सांगून टाकलं. तीन पुष्कळ झाल्या, म्हणाली. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. एवढं तर करणारच. शिवाय माझा पिंड मुळात आध्यात्मिकच. चष्म्याच्या दुकानामुळे वेळ मिळाला नाही, इतकंच.

६.५०
पहिली माळ झाली. साठाव्या मण्याला लख्ख आठवलं की काल निवृत्त हेडमास्तरांच्या फ्रेममध्ये डावी काच उजवीकडे बसवली. हे जपाचंच फळ. आधी दुकानात जाऊन ते निस्तरतो. उरलेल्या दोन माळा संध्याकाळी.

४ मार्च
काल संध्याकाळी पाहुणे आले, राहून गेलं. (पाहुणे म्हणजे मेव्हणा. दहा मिनिटं बसला.)

६ मार्च, सकाळी ७.००
काहीच वाटत नाही. तोंडात भुसा भरल्यासारखं. शांत, प्रसन्न वगैरे वाटेल अशी अपेक्षा होती. फक्त गुडघा आहे हे जाणवतं. विचारांती कारण सापडलं: आसन पातळ. उद्यापासून जाड उशी.

७ मार्च
उशी फार मऊ. झोप लागली.

९ मार्च
अंगठ्याने दाबायचं काउंटर मशीन आणलं. आता बसमध्ये, दुकानात, कुठेही जप. एका स्टॉपमध्ये चाळीस होतात. बायकोने विचारलं, यात नाम कधी घेता? मानसिक जप तिला काय कळणार. मात्र दुपारी पाहिलं तर आकडा चारशे बारा, आणि त्यातलं एकही नाम घेतल्याचं आठवेना. आकडा पुसून शून्य केला. बटण दाबताना आजूबाजूला कोणी बघत नाही ना, हे का पाहिलं कोण जाणे.

१० मार्च
ताईचा फोन. चालू आहे ना, एवढंच विचारलं. हो म्हणून थांबायला हवं होतं. पण जिभेला हाड नाही. काल जप करता करता डोळ्यांना धार लागली, असं सांगून बसलो. धार लागली होती हे खरं. काच घासताना डोळ्यात भुकटी गेली होती. ताईने विचारलं, खरंच धार? मग म्हणाली, भाग्यवान आहेस. तिला धीर यावा म्हणूनच म्हटलं. आजारी माणसाला दिलेला धीर हे खोटं बोलणं नव्हे, असं माझं मत आहे.

१३ मार्च
बायको ताईला भेटून आली. म्हणते, चेहरा अगदी उतरलाय त्यांचा. ऑपरेशनची भीती, दुसरं काय. मी गेलो नाही. जप महत्त्वाचा. (जप झाला नाही.)

१६ मार्च
संकल्प: उद्या ती आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत अखंड जप. मशीन नाही, माळ. मध्ये चहासुद्धा नाही. एवढं केलं की मागचं सगळं धुऊन निघेल.

१७ मार्च, दुपारी ३.००
हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून लिहितोय. ताईला आठला आत नेलं. मी माळ घेऊन बसलो. शेजारी भावोजी, म्हणजे ताईचे यजमान. निवृत्त सर्व्हेअर, देव नकाशावर दाखवा म्हणणारे. ताईच्या जपाला जन्मभर ‘मणी मोजणी’ म्हणत आले. नऊपर्यंत माझं झकास चाललं होतं. मग डोळा लागला. जाग आली तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि माळ माझ्या हातात नव्हती. भावोजी एकेक मणी सरकवत होते. ओठ हलत होते. मला जागा झालेला पाहून ओशाळले. मंत्र येत नाही म्हणाले, म्हणून तिचंच नाव घेतोय, चालतं का?
चालतं म्हणालो. माळ परत मागायचा धीर झाला नाही.
एकला डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं. भावोजींनी माळ गुपचूप माझ्या खिशात घातली.

२४ मार्च
ताई घरी आली. येईल त्याला सांगते, माझ्या भावाच्या जपाने वाचले. भावोजींना बाजूला घेऊन म्हटलं, कॉरिडॉरमधलं तिला सांगा. नको म्हणाले, मग तीस वर्षं चेष्टा कशाला केलीत विचारेल. तेवढ्यात शेजारीणबाईंनी येऊन मला वाकून नमस्कार केला. नको नको म्हणायला हवं होतं. आशीर्वाद दिला.

३० मार्च, संध्याकाळी
निम्मंअर्धं तरी कबूल करायचं ठरवून ताईकडे गेलो. भावोजी औषधं आणायला गेले होते. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली, आवाज खाली आणून.
“तीस वर्षांत माझ्या डोळ्यांत एकदाही पाणी आलं नाही रे. कोरडंच असतं सगळं. तुला आठ दिवसांत आलं म्हणालास, तेव्हा वाटलं, आपलंच काहीतरी चुकत आलं असणार. ऑपरेशनला आत नेलं तेव्हाही डोक्यात तेच.”
धीर दिला म्हणे मी.
सगळं सांगितलं. भुकटी, मशीन, उशी, झोप. भावोजींचंही सांगितलं. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, रडतेय. वळली तेव्हा डोळे कोरडे होते.
“किती वेळ घेत होते ते माझं नाव?”
“माहीत नाही. झोपलो होतो.”
ती हसायला लागली आणि टाके दुखले म्हणून थांबली. माळ उशाशी ठेवून जा, म्हणाली. आणि शेजारणीला खरं काय ते तूच सांग. निघताना शेजारणीच्या दारावरूनच आलो. आतून टीव्हीचा आवाज येत होता. कशाला उगाच त्रास द्यायचा.

३१ मार्च, सकाळी ६.१५
माळ नाही. कोणी सांगितलेलं नाही, कोणाला सांगायचं नाही. तरी बसलो, बोटांवर मोजत. काही वाटलं नाही. चौदाव्याला डुलकी लागली.