लोऽऽ म्हटल्यावर थांबायचं असतं

३ एप्रिल

डोकं भणभणतंय. केतनने क्लिप पाठवली. खाली हसरे चेहरे आणि "ताई, ओळख बघू कुठली भाषा!"

मी ओळखणार नाही? आमची तिरपी! मी पाचवीत, तो दुसरीत असताना वाडीत बसून आम्ही दोघांनी केलेली भाषा. शब्द निम्मे त्याचे, निम्मे माझे. नियम बहुतेक माझेच.

कसलासा मोबाईल गेम आहे. याच्या कंपनीचा. एक बेट, बेटावर पिसं लावलेली माणसं, आणि त्यांच्या तोंडी तिरपी. कुणालाच न कळणारी भाषा हवी होती म्हणे त्यांना. यानं खिशातून शेंगदाणे काढावेत तशी काढून दिली. मला विचारणं नाही, सांगणं नाही.

बरं, दिली तर दिली. मोडून दिली! पिसंवाला म्हातारा एकटाच उभा राहून एका दमात सगळं वाक्य म्हणतो. 'लो' एवढासा, आखूड. तोच विचारतो, तोच नाव भरतो, तोच ठुम् म्हणतो. आणि पुढे चालायला लागतो!

आई आतून, "काय झला गो?" म्हटलं, काही नाही. तिला काय सांगणार कपाळ.

४ एप्रिल

त्याचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. बरं वाटलं.

६ एप्रिल

रविवार. राग उतरेल म्हणून थांबले होते. उतरला नाही. तर लिहूनच काढते.

मराठीत आपण म्हणतो — जो पाणी आणणार आहे तो केतन. 'जो' म्हणणारा आणि 'तो' म्हणणारा माणूस एकच. वर्गात मी हेच शिकवते — मिश्र वाक्य, मुख्य वाक्य, विशेषण वाक्य. पोरं जांभया देतात.

तिरपीत हे वाक्य दोघांत वाटलेलं. पहिल्याने म्हणायचं, "बिगू तारी लोऽऽ" — पाणी आणणार जोऽऽ. लोऽऽ ताणून धरायचा, श्वास पुरेल तोवर. जो ऐकेल त्याने नाव भरायचं. मग पहिल्याने "ठुम्" म्हणायचं. ठुम् म्हणजे 'तो'. आणि ठुम् म्हणजे संपलं, आता बोलायचं नाही. भरलेलं नाव पटो न पटो, ठुम् म्हणावंच लागायचं आणि तसं वागावंही लागायचं. श्वास संपेपर्यंत कुणी नाव भरलं नाही तर वाक्य मेलं.

आमची सगळी कामं यावर चालायची. बाबा होते तेव्हा, पण मुंबईला; आई दिवसभर दुसऱ्यांच्या लावणीला नाहीतर बागेत आंब्यांवर. घरात आम्ही दोघं. गोवऱ्या कोण आणणार, कोंबड्या कोण कोंडणार, तेल सांडलं ते कुणाच्या नावावर — सगळं लोऽऽ वर. मी बहुतेक वेळा "केतन" भरायची, तो "करुणा" भरायचा, आणि हाणामारी न करता ते पाळायचो! मोठी माणसं एवढं पाळत नाहीत.

एकदा मला ताप होता. हंडा रिकामा. विहीर उतारावर. मी पडल्यापडल्या "बिगू तारी लोऽऽ" म्हटलं. तो भरणार "करुणा", कारण आदल्या दिवशी मी त्याला फसवलेलं. तर म्हणाला, "केतन." आणि एवढीशी कळशी घेऊन गेला, चार खेपा. मी ठुम् म्हणायचं विसरलेच होते.

अशी ती भाषा. एकट्याने ते वाक्य पुरं करताच येत नाही. तेच तर तिचं तिरपेपण! आणि यानं नेमकं तेवढंच काढून टाकलं.

१० एप्रिल

उचलला शेवटी फोन.

"ताई, चिल ना. गेममध्ये एकच कॅरेक्टर बोलतं. खेळणारा काय उत्तर देणारे का? अडकून बसेल बिचारा."

अडकू दे म्हटलं.

"तू ना, अजून वाडीतच आहेस."

वाडीत आहे मी? मी इथे शहरात, कुवारबावला दोन खोल्यांत आईला घेऊन बसलेय! फेब्रुवारीत ती गावच्या खळ्यात घसरली, मनगट मोडलं, मी जाऊन घेऊन आले, प्लास्टर माझ्याकडे, न्हाऊ घालणं माझ्याकडे, शाळा माझी चालू. हा एकदा येऊन गेला, मोसंबी घेऊन. जूनमध्ये माझी शाळा परत सुरू होईल तेव्हा आईचं काय, म्हणून विचारलं. "बघू ना." बायकोची, दीपालीची नोकरी, वन रूम किचन, पाण्याची वेळ, लिफ्ट बंद. सगळं सांगून झालं. आईला कधी नेतो एवढं सोडून.

आता कळलं मला त्याने लोऽऽ आखूड का केला ते. लांब ठेवला तर उत्तर द्यावं लागतं!

१४ एप्रिल

जयंती. आई पहाटेपासून मागे लागलेली. "मना वाडीत जायचाय. विहारात. समदी मुंबयवाली आली असतील." मी नाही म्हटलं. मिरवणूक, गर्दी, कुणाचा धक्का लागला आणि हात परत गेला तर? तो हात धरून कोण बसणार? मीच!

"हात बरा झालाय गो माजा."

तू डॉक्टर आहेस का, असं बोलले. बोलायला नको होतं. पण बोलले.

आई उठली. पांढरं पातळ नेसली, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली आणि भिंतीला टेकून बसली. जेवली नाही नीट. केतनचं स्टेटस — निळा फेटा, मागे डीजे, ठाण्यात. त्याला जायला मिळतं. त्याला कोण अडवणार?

१५ एप्रिल

हौसाकाकीचा फोन आला होता गावाहून, जयंतीला का आली नाही म्हणून. आई बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलली. बराच वेळ हसत होती. माझ्याशी नाही हसत अशी.

२२ एप्रिल

पेपर तपासतेय. "मिश्र वाक्याचे एक उदाहरण लिहा." सगळ्यांचं एकच — जो अभ्यास करतो तो पास होतो. लिहिणारे निम्मे नापास! एकीने मात्र लिहिलंय, "जी आजी आमच्याकडे राहते तिला आमच्याकडे आवडत नाही." दोन गुणांचा प्रश्न. दोन दिले.

उठून बघते तर आईने धुणं वाळत घालून, काढून, घड्या करून ठेवलेलं. मोडलेल्या हाताने! ओरडले. ती म्हणाली, "बसून बसून आंग धरलाय." मी म्हटलं, केतनकडे गेलीस की कर काय करायचं ते. तर म्हणते, "दोन्ही घरचा पावना उपाशी. मी आपली गावाला जाताव." हे तिचं रोजचंच. गावाला जाताव, गावाला जाताव. तिथे काय आहे? कुलूप लावलेलं घर, विहीर, आणि पडलीस तर उचलायला हौसाकाकी. ती स्वतःच काठी टेकत चालते.

३ मे

केतन येतोय. अकरा तारखेला. पौर्णिमा धरून सुट्टी. "आईचं काय ते समोर बसून बोलू," म्हणाला. आणि वर, "एक पेटी बांधून ठेव ना, हापूस, ऑफिसला द्यायचीय."

पेटी! आईला न्यायला जागा नाही, पेटीला आहे!

९ मे

त्या गेमची जाहिरात आली. "संपूर्ण नवीन भाषा." खाली केतनचं नाव. माझं नाव नाही त्याचं मला काही नाही, खरंच नाही. पिसंवाला परत एकटाच बडबडतोय त्याचं आहे.

११ मे

 जसं झालं तसं लिहिते.

केतन सकाळी आला. आईने सुरमई तळली, मला कुणी विचारलं नाही तिला ओट्याशी उभं राहू द्यायचं की नाही ते. जेवणं झाली. आई आत भांडी घासायला गेली, आम्ही दोघं बाहेर पंख्याखाली. आधी गेमवरून लागलं.

मी म्हटलं, भाषेचं मढं करून विकलंस.

तो म्हणाला, "जगात किती जण बोलतात गं तिरपी? दोन. त्यातली एक फोन उचलत नाही. मग एकट्याला बोलता यायला नको?"

हे मला लागलं. लागलं म्हणून मी आणखी चढले. आईवर आले. जून ते दिवाळी तू ठेव, दिवाळीनंतर मी. तो म्हणे जूनमध्ये दीपालीची बदली होईल, नक्की नाही, दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं, तीन महिने मी केलं. तो म्हणे, तुला संसार नाही, तुला सोपं आहे. सोपं! मी काय बोलले ते आता आठवत नाही, पण शेजारच्यांनी दार लावून घेतलं एवढं आठवतंय.

आणि मग माझ्या तोंडून गेलं. किती वर्षांनी.

"आयू झेली लोऽऽ—"

आईला सांभाळणार जोऽऽ.

केतन तोंड मिटून माझ्याकडे बघतोय. मी लोऽऽ धरून ठेवलेला. भर म्हटलं मनात, भर रे. स्वतःचं नाव भर. ते नसेल जमत तर माझं भर, हरामखोरा, मी ठुम् म्हणेन, मरेपर्यंत करीन, पण काहीतरी भर! तो पंख्याकडे बघायला लागला. माझी छाती दुखायला लागली. श्वास संपत आला.

आतून आवाज आला. "कमला."

आईचं नाव. आईचा आवाज. नळ बंद झाला. ती पदराला हात पुसत दारात आली. दोन्ही हात.

"ठुम् म्हन की गो. थांबलीस का?"

तुला तिरपी येते, असं आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"रोज चुलीफुडं बसून कोकलायचाव. मी काय बहिरी हुती? शिकली आपली. कवा मला कोन काय बोल्ला न्हाय त्यात, म्हनून गप ऱ्हायली."

मी म्हटलं, हे चालणार नाही. मी केतनला विचारलं होतं. तुला नाही. नाव केतनने भरायचं.

तेव्हा केतन, जमिनीकडे बघत, "जो ऐकेल त्याने भरायचं. नियम तुझाच आहे, ताई."

आई आत गेली आणि कपाटावरची पिशवी काढायला लागली. उंचावरची. हात वर करून, आरामात.

मी ठुम् म्हटलं नाही. म्हणणार नाही.

१२ मे

पौर्णिमा. आई सकाळच्या एसटीने गेली. केतन सोडायला गेला संगमेश्वरपर्यंत, तिथून वाडीत. मी स्टँडवर गेले नाही. ठुम् म्हटलेलं नाही मी, वाक्य पुरं झालेलं नाही, तरी ही बाई निघून जाते!

औषधं फ्रिजवरच राहिली. काठी मी आणलेली, तीही इथेच. तीन महिने घर माझं, रजा माझी, पाठ माझी. आणि जायचं ठरवताना मला विचारलंसुद्धा नाही!

पेटी पण राहिली केतनची. खाली ठेवलेय. नासू दे.

१३ मे

केतनचा फोन. घर उघडलं, झाडलं, वायरिंग बघितलं, चार दिवस तिथेच राहतो म्हणाला. "आई कळशी उचलू देत नाही मला," म्हणाला आणि हसायला लागला, मग हसताहसता थांबला.  मी फोन ठेवला नाही लगेच.

१६ मे

आईने फोन केला, स्वतःहून. हौसाकाकी, विहीर, कोंबडी बसवली, सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "मी पुशी ना लोऽऽ—"

मला विचारलं नाही ज्यांनीऽऽ. तिरपीत जो, जी, ज्यांनी सगळ्याला एकच लोऽऽ.

म्हातारीचा श्वास लांब. नाव कुठलंही भरता येतं. नुसतं केतनचं भरता आलं असतं.

मी दोन्ही भरली. माझं आधी.

"ठुम्," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.