शिवणवालीवर उठलेला हात

आई, तुझ्यावर रागवावं की नाही, हेच मला अजून कळत नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तोच घोळ पुन्हा माझ्या गळ्यात येऊन पडला आहे.

शंकर नगरातल्या ज्या वृद्धाश्रमाची मी व्यवस्था पाहते, तिथं आज सकाळी कामाच्या पोरीनं एका आजोबांच्या थोबाडीत मारली. त्यांनी पुन्हा चादर भिजवली होती. अभनपूरहून येणारी ही आमची सगळ्यांत मायाळू पोरगी, आणि एकटीच्या अंगावर अख्खा मजला. कसं झालं विचारलं, तर म्हणाली, "पता नहीं दीदी, मेरे को बस चादर दिख रही थी।"

तेव्हापासून तुझी ती संध्याकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. तू मनोरुग्णांच्या दवाखान्यात आया होतीस. त्या दिवशी घरी येऊन चपलाही न काढता स्वयंपाकघरात बसलीस. "आज मी एकीले मारलं," म्हणालीस. मला तू कधी चापटही मारली नव्हतीस, म्हणून मी हसलेच. मग तू सांगितलंस. सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळ्यांच्या अंगात तोच हिरवा झगा. एक जण काही केल्या जेवेना, तर तू दिलीस तिला ठेवून. आणि गाल धरून ती विचारते, "पोट्टीले फ्रॉक बरोबर आला काय?" आपल्याच पाऱ्यातली, मोहल्ल्यातली शिवणवाली; माझे फ्रॉक तीच शिवायची. "मले ओळखूच नाही आली वं," एवढंच तू म्हणत राहिलीस.

तिच्यावर तुझा हात पुन्हा उठला नाही. तिच्यासाठी तू घरून डबा न्यायचीस. बाकीच्यांवर मात्र उठत राहिला, तेही तूच सांगायचीस. त्याही कोणाच्या तरी पाऱ्यातल्याच असतील ना, असं मी एकदा म्हटलं, तर चिडलीस. "तू एक दिवस राहून पाय तिथं, मंग बोल."

आता राहून पाहतेच आहे, आणि तरी बोलता येत नाही. आजोबांचा मुलगा म्हणतो, पोरीला काढा. त्याचं चुकतंय असंही नाही. काढली, तर नव्या येणारीलाही तोच मजला, त्याच चादरी. ठेवली, तर आजोबांनी कोणाच्या भरवशावर झोपायचं? उद्या त्याला उत्तर द्यायचं आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तू माझ्याकडे काम मागायला आली असतीस, तर मी तुला ठेवून घेतलं नसतं. आणि उद्या मी अंथरुणाला खिळले, तर भरवायला मला तूच हवी आहेस.