आजीनं ठेवलेलं उत्तरम

३ नोव्हेंबर, सोमवार. शारजा.

आज आजीची तेरवी. सुट्टी नाही भेटली. पासपोर्ट कंपनीपाशी, त्याच्याबिगर जाता कुठं. जेवनाच्या टायमाले परांचीवर बसूनच विडिओ काल केला. राणीनं (का.ची पोरगी) पंगत दाखवली. फोटोत आजी लय चिडलेली दिसते. कोनी काढला कोन जाने.

का. म्हंजे काका. दरवेळी पूर्ण लिहाचं तं हात दुखते.

मंग लिंगन्ना आला फोनसमोर. आमच्या गावचा, तेलंगनातल्या इचोड्याचा डाकुमेंट रायटर, आजीचे सगळे कागद त्याच्याच हातचे. मोठ्यानं म्हनला, "पम्या, अव्वा नीकू उत्तरम पेट्टिंदी." का.नं लगेच फोन घेतला. "जेवलास काय रे?" मंग कट.

उत्तरम म्हंजे तेलुगूत चिठ्ठी. पोस्टमन हेच वरडत दारावर यायचा. आजीनं मले चिठ्ठी ठेवली. अन् का.नं फोन हिसकला.

५ नोव्हें.

का.ले इचारलं, कायची चिठ्ठी.
"लिंगन्ना पिऊन व्हता."
तेरवीत? लिंगन्नाले मी जल्मात पिताना नाही पाह्यलं. चहा बी बिनसाखरेचा पिते.
मंग का. म्हनला, विरासतीचा कागद पाठवला हाय, सई करून धाड, तू तिकडं, जमीन एकाच्याच नावावर राह्यली तं बरं.
आधी जेवलास काय, मंग सई कर. असा मानूस.

कागद म्हंजे बोथ रोडच्या प्लाटचा. आठ गुंठे. तेवढाच आजीच्या सवताच्या नावावर. मी परत जाऊन तिथंच वेल्डिंगचं दुकान टाकनार, हे तिले माहीत, का.ले बी माहीत. सई केली का माझं तिथं काही राह्यलं नाही.

७ नोव्हें. शुक्रवार. सुट्टी.

कपडे धुतले. आजीचंच डोक्यात.

लोक तिले प्लाटवाली बाई म्हनत. लुगडं, पायात बाटाचे बूट, पिशवीत टेप अन् चुना. ग्राहकाले पहिले खोट सांगे. "इथं पावसाचं पानी दोन दिवस उभं राह्यते. घेचं तं घे." मंग मानूस बाकीचं सगळं खरंच समजे. गिऱ्हाइकाच्या बायकोले प्लाटवर भाकर खायले बसवे. बाई सवताहून जिथं बसली, तिथं दगड ठेवे. म्हने, चूल इथं मांडजा. नवरा गुंठे पाहते, बाई वारा पाहते. विकत कोन घेते? बाई.

मी चार वर्साचा व्हतो तवापासून संग. माय गेली, बाप नांदेडकडं गेला तो गेलाच. प्लाटवर मले टेपचं टोक धराले लावे. सातवीत शाळा सोडली तं तीन दिवस बोलली नाही, चवथ्या दिवशी म्हने, चाल, टेप धर.

१० नोव्हें.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बो.रो.चा (बोथ रोडचा) प्लाट पाहाले किती लोक आले. सगळ्यांना तिनं एकच सांगितलं, याचा बयाना झाला. माझ्या लहानपनापासून तेच. कोनी दिला बयाना? मी कोनाले पाह्यलं नाही. सगळ्या दुनियेले प्लाटची खोट सांगनारी बाई, अन् आपल्या प्लाटबद्दल एवढी वर्सं खोटं बोलली.

म्हंजे पहिले खोट सांगायची ते बी धंद्याचंच व्हतं?

नको. आजी गेली अन् मी काय लिहून राह्यलो.

१४ नोव्हें. शुक्र.

राणीले म्हनलं, आजीची पिशवी पाह्य. तिनं लपून पाह्यली. टेप, चुन्याची पुडी, अडकित्ता, बसचे जुने तिकिट. चिठ्ठी नाही.
राणी म्हनली, "दादा, आजीले सईपुरतंच येत व्हतं. चिठ्ठी कोन लिहिन?"
म्हनलं, लिंगन्ना लिहिन. त्याचा धंदाच हाय.
"मंग त्याले इचार ना."
लिंगन्ना डोळ्याच्या आपरेशनले लेकीकडं निजामाबादले. फोन बंद. बरोब्बर आत्ताच.

१८ नोव्हें.

का.ले साफ सांगितलं. चिठ्ठी दे, मंग सई.
का. म्हनला, "नाही ते कुठून देऊ बापू?"
बापू आजी म्हने मले. का. आतापर्यंत पम्याच म्हनत आला.

२१ नोव्हें. शुक्र.

इकडं यायच्या वेळची गोष्ट. गल्फचा एजंट घरी आला, टाय लावून. आजीनं चहा दिला अन् इचारलं, "याची चौहद्दी सांग." त्याले समजलंच नाही. आजी म्हने, प्लाटले चार हद्दी असते, नोकरीले बी असन. पूर्वेले कोन, मालक. पश्चिमेले काय, राहाची खोली. दक्षिणेले, आजारी पडला तं कोन. उत्तरेले, परत यायची वाट. एजंट तीनच सांगू शकला. परतीचं म्हने, दोन वर्सांनी पाहू. आजी म्हनली, "तीन हद्दीचा प्लाट म्या कधी विकला नाही."
तरी आलो. माझीच जिद्द. हैदराबादपर्यंत बसनं संग आली, एअरपोर्टच्या काचेपाशी उभी राह्यली. आत जाता येत नाही तिले, तरी वाचमनशी भांडून राह्यली व्हती.

२५ नोव्हें.

सायलूले सगळं सांगितलं. सायलू जगित्यालचा, तेलुगूवाला, माझ्या वरच्या खाटेवर झोपते. आमचं हिंदीत चालते.
म्हनला, परत बोल, क्या बोला वो?
म्हनलं, अव्वा नीकू उत्तरम पेट्टिंदी.
खाली उतरला, हसून हसून खोकला आला त्याले. "चिट्ठी होती तो रासिंदी बोलता. लिखी. उसने पेट्टिंदी बोला ना? पेट्टिंदी मतलब रखी. उत्तर दिशा रखी तेरे लिए. जमीन की बात कर रहा वो बुड्ढा."

आजीनं मले उत्तर बाजू ठेवली. बो.रो.ची उत्तर बाजू. चार गुंठे.

मी येडा. पोस्टमनचं तेलुगू शिकलो, जमिनीचं नाही.

२६ नोव्हें.

झोप नाही धड. का.ची माफी मागाची म्हनून फोन हातात घेतला अन् ठेवला.

का. इचोड्याच्या बाजारात माझ्या जल्माच्या आधीपासून कांदे इकते. तेलुगूत इकते, तेलुगूत भांडते. पेट्टिंदी म्हंजे काय हे त्याले नाही समजलं? मी तीन हप्ते चिठ्ठी चिठ्ठी करून राह्यलो, त्यानं एकदा बी म्हनलं नाही का, लेका, उत्तर म्हंजे दिशा.

२८ नोव्हें. शुक्र.

इचारलं. सरळ.
"तू चिठ्ठी म्हनला, म्या बी चिठ्ठीच समजलो."
"तुमाले तेलुगू येत नाही काय काका?"
"येते. पन तुझ्या आजीचं काय सांगाव. तिनं चिठ्ठी बी लिहून घेतली असती."
"मंग लिंगन्ना पिऊन व्हता काऊन म्हनले?"
"घर भरून लोक व्हते. जमिनीचं तिथंच निघालं असतं तं... तेरवी व्हती रे."
थांबा. म्हंजे जमिनीचं हाय हे समजलं व्हतं तं.
मी हे म्हनेपर्यंत फोन कट. नेटवर्क म्हने. त्याचं नेटवर्क बरोब्बर टायमाले जाते.

२ डिसें.

राणीचा मेसेज, मोठा. तिनं सगळं ऐकलं व्हतं. लिहिते का, पप्पानं मागच्या हप्त्यात घर उलटं केलं. पिठाचे डबे, गाद्या, देवाच्या फोटोमागं बी पाह्यलं. तिनं इचारलं, काय शोधता? तं म्हनले, "पम्याले चिठ्ठी ठेवली म्हने. मायनं मले बी दोन ओळी ठेवल्या असन." मंग माळ्यावरच बसून राह्यले, जेवाले उतरले नाही.

हे खोटं नसन. राणी खोटं बोलत नाही.

पन ज्याले दिशा समजली, तो चिठ्ठी कायले शोधते? अन् ज्यानं चिठ्ठी शोधली, त्याले दिशा समजलीच नसन. दोन्ही एका मानसात कसं बसते?

असंच व्हत असन. समजते बी, अन् तरी शोधते.

३ डिसें.

का.चा विडिओ काल, प्लाटवरून. बाजूले कपाशी वेचनाऱ्या बाया. "पाह्य, हे तुझी उत्तर. घे बाप्पा. इथून तिथं." हातानं दाखवलं. आभाळ, ऊन नाही, सावली नाही, उत्तर कोनती कोन जाने.
म्हनलं, तुमचं तोंड कुनीकडं हाय आता?
का. हसला. "भरोसा नाही ना तुले?"
त्यानं हात खाली केला.
म्हनला, दिलं म्हनतो ना, पहिले कागद धाड, मंग वाटनी करू.
म्हनलं, पहिले वाटनी.
मागून एक बाई कोनाले तरी हाका मारत व्हती.

५ डिसें. शुक्र.

लिंगन्नाचा फोन लागला. डोळा बरा हाय म्हने. इचारलं, उत्तरमचं काही लिहून हाय का आजीचं, कागद, अंगठा? म्हनला, "फोन पे हद्दी नहीं बोलते बेटा. आके देख."
हाय म्हनला नाही, नाही बी म्हनला नाही.

का.चा कागद पेटीत हाय. सई नाही केली. फाडला बी नाही.

६ डिसें.

सुपरवायझरपाशी गेलो. पासपोर्ट मागितला, पंधरा दिवस.
"कौन मरा?"
म्हनलं, दादी. डेढ़ महीना हुआ.
"तो अब काहे को जाना है?"
म्हनलं, नापने.
त्यानं माझ्याकडं पाह्यलं. रजिस्टर उघडून नाव लिहिलं, समोरची तारखेची जागा कोरी सोडली. म्हनला, सोमवार को आ.