फळ्याची उजवी बाजू

२४ फेब्रुवारी २०२२, गुरुवार

सकाळी वाचनालयासमोरच्या फळ्यावर अकोल्याचे कापसाचे, तुरीचे भाव लिहीत होतो. पानठेल्यावरून बंडू ओरडला, "सर, भाव पुसा! रशिया घुसला युक्रेनमंदी."

पुसले. डावा अर्धा माझा, मराठीचा. मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'युद्ध सुरू. रशियाला या थराला कुणी आणलं?' शेजारी युरोपचा नकाशा काढला. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, युक्रेन न बघता काढता येतो. पोरं, बायाबापड्या, एसटीची वाट बघणारे, सगळे थांबले. बरं वाटलं.

युसूफ उशिरा आला. उजवा अर्धा त्याचा, उर्दूचा. मी डावीकडून लिहितो, तो उजवीकडून, मध्ये खडूची रेघ. दोघांच्या शाळेतल्या नोकऱ्या संपल्या, ही सवय नाही संपली. आज बराच वेळ लिहीत होता. विचारलं, काय लिहिलंस? म्हणाला, "तुह्या सवालाचा जवाब. कुनी आनलं नाही, सोताहून आला. दुसऱ्याच्या घरात घुसला त्याले आमी चोर म्हनतो."

एकाच फळ्यावर दोन अर्धे एकमेकांच्या विरुद्ध, हे पहिल्यांदाच. चहा मात्र सोबतच प्यालो.

घरी आल्यावर सुमन म्हणाली, "अहो, सानिया तिकडंच आहे नं!" युसूफची नात. डॉक्टरकीला गेलेली. माझ्या लक्षातच आलं नाही. आणि त्यानंही विषय काढला नाही.

२५ फेब्रु., शुक्र.

आज लिहिलं : 'रशिया आपला जुना मित्र. अडचणीत कोण उभा राहिला ते विसरू नका.' युसूफनं पलीकडं लिहिलं : दोस्ती आपल्या जागी, चोरी आपल्या जागी. लोकांना गंमत वाटू लागली आहे. ज्यांना उर्दू येत नाही ते येणाऱ्यांना धरून वाचून घेतात. गजानन शेतकरी माणूस, सकाळचा भाव बघून लगेच निघणारा. तोसुद्धा थांबून, "मंग सर, तुमी आता काय लिवसान?"

उद्यासाठी मुद्दे काढून ठेवले. खूप दिवसांनी असं डोकं चाललं.

२६ फेब्रु.

सगळं पालटलं. सानियाचा फोन आला होता म्हणे. पोरी होस्टेलच्या तळघरात आहेत. यू.नं तेवढंच लिहिलं आणि खाली, लोकांनी मागितलं म्हणून, मराठीतही. त्याचं मराठी अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तरी वाचायला ही झुंबड! माझ्या अर्ध्यासमोर एक सायकल उभी होती, तीही कुणीतरी टेकवून ठेवलेली.

माझा मुद्दा आज सगळ्यात चांगला होता.

गजाननानं विचारलं, लढाईनं खत महाग होईल का. विचारलं कुणाला? यू.ला! पोटॅश कुठून येतं ते याच गजाननला मी नववीत शिकवलंय. यू. म्हणाला, "मास्तरले इचार, त्यायले माहीत." उपकार केल्यासारखं.

दुपारी अकोल्याचा वार्ताहर आला. यू.चा फोटो, फळ्यासोबत. मी खडूचा डबा धरून बाजूला उभा. "काका, तुम्ही जरा सरकता का?" सरकलो.

सुमन संध्याकाळभर त्यांच्याकडं होती. युसूफच्या बायकोला, बिल्किसभाभींना, जेवण जात नाही. इकडं मी भाजी गरम करून खाल्ली.

२७ फेब्रु., रवि.

पेपरात फोटो. यू., त्याचा अर्धा, आणि त्याच्या खांद्यामागं माझ्या नकाशातला रशियाचा एक तुकडा. माझं नाव नाही. फळा दोघांचा आहे हेही नाही.

मनात आलेलं इथं नाही तर कुठं लिहायचं. त्याच्या घरी आग लागली आहे आणि मला त्याचा हेवा वाटतो. आमचा नितीन पुण्यात सुखरूप. आठवड्यातून एकदा फोन करतो, हवा-पाणी विचारतो. सुखरूप मुलाची बातमी होत नाही. हे युद्ध पहिल्या दिवशी माझं होतं. नकाशा मी काढला. आता ते त्याच्या घरचं झालं आहे.

पुढे : संध्याकाळी टीव्हीवर, रशियानं अण्वस्त्रं सज्ज ठेवायला सांगितलं. वाचनालयाच्या ओट्यावर सगळं गाव. मी म्हटलं, ही धमकी आहे, रशियाच्या दाराशी आलेल्या पाश्चात्त्य देशांना द्यावी लागते. दोष दाराशी येणाऱ्याचा. बरोबर बोलत होतो. यू. खालच्या पायरीवर बसला होता. उठला. "मास्तर, तुह्या दोस्तानं बॉम्बवर हात ठेवला. माही पोरगी तिथं जमिनीखाली हाय. आन तू म्हन्तो बरोबर केलं?"

मी तसं म्हटलं नव्हतं. पण ते कुणाला सांगणार?  मग एकेक जण त्याच्याकडं सरकला. बंडूनं त्याला पाणी दिलं. मुद्द्यात मी हरलो नाही. त्याच्याकडं नात होती आणि माझ्याकडं नुसते मुद्दे.

२८ फेब्रु., सोम. सकाळ

लवकर गेलो, यू. यायच्या आत. त्याच्या बाजूला काल रात्री उशिरा लिहिलेलं होतं : सानिया सरहद्दीकडं निघाली, दुआ करा. मी लिहिलं :

'युक्रेन : अणुबॉम्बची धमकी. हजारो निष्पापांचा जीव धोक्यात.'

आणि त्याला चौकट केली. पट्टी लावून, दुहेरी. झालं की मागं सरून पाहिलं. ठसठशीत दिसत होतं. उजवीकडची मुंग्यांची रांग आज कुणी बघणार नाही.

दुपार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

या फळ्यावर चौकट फक्त निधनाला. ती पद्धत मीच पाडली. दुहेरी चौकट दिसली की लोक लांबूनच चप्पल काढतात, नाव वाचतात, आणि ज्याचं असेल त्याच्या घरी जातात. गेली काही वर्षं चौकटी फार झाल्या. तरणीताठी शेतकरी माणसं. त्यामुळं लोकांना आता आतलं सगळं वाचायचीही गरज पडत नाही.

एसटीतून जाणाऱ्यानं पाहिलं : चौकट, युक्रेन, जीव. बस पुढं निघून गेली. भाजीबाजारात पोचेपर्यंत त्याची बातमी झाली : सानिया गेली. माणसं परस्पर युसूफच्या घरी. बाया रडतच आत शिरल्या. बिल्किसभाभी दळण निवडत होत्या. पोरीचा फोन लागेना. कसा लागणार, सरहद्दीवर रांगेत, बॅटरी संपलेली. सकाळभर ते घर तिला गेलेली समजून…

सु. तिथंच होती. तिनं सांगितलं, भाभींनी पोरीच्या नावानं एक हाक मारली आणि सुपातलं दळण सगळं सांडलं.

दुपारी सानियाचा फोन आला. दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून. सुखरूप आहे. रांगेत आहे. थंडी आहे.

बंडूनं फडकं घेऊन माझा अर्धा पुसला, मला न विचारता.

१ मार्च, महाशिवरात्र

गेलो त्यांच्याकडं. दारातच यू. मला वाटलं शिवी देईल. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लहानपणापासून अरे-तुरे, त्याची शिवी मला पाठ आहे.

म्हणाला, "या. बसा. चहा घ्या."

बसा! मला!

चहा आला. भाभी आतच. त्यानं विचारलं, "चौकट कायले करतात, तुमाले माहीत होतं नं मास्तर?"

मी म्हटलं, "घाईत झालं रे. खडू हातात होता, झालं."

त्यानं मान हलवली. घाईत पट्टी कोण लावतं? त्यालाही माहीत आहे. खडूच्या डब्यात ती पट्टी त्यानंच आणून ठेवलेली, शाळेतून.

चहा अर्धा राहिला.

३ मार्च

फळ्यावर फक्त भाव. लोक वाचतात आणि जातात. यू. आला नाही. त्याचा अर्धा तसाच आहे : सानिया सरहद्दीकडं निघाली, दुआ करा.

७ मार्च, सोम.

सानिया आली. दिल्लीहून रेल्वेनं अकोल्याला. म्हणे आमचं निम्मं पातूर स्टेशनवर होतं. सु. गेली होती. मी नव्हतो. हार घातले, घोषणा झाल्या, पोरगी नुसती झोपाळलेली होती. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी ती ज्या क्लासला जायची, ते अमरावतीचे क्लासवालेही बुके घेऊन फोटोला उभे.

सु. म्हणाली, सानियानं माझी चौकशी केली. "भूगोलवाले आजोबा काहून नाही आले?" शाळेत असताना तिचे नकाशे मी तपासून द्यायचो. युक्रेनला जायच्या आधी तिला रस्ता नकाशावर मीच दाखवला होता. हे मला आज आठवलं.

माझ्या अर्ध्यात बारीक लिहिलं : 'सानिया सुखरूप घरी.' चौकट नाही. बंडू म्हणाला, "सर, हे त पुऱ्या गावाले माहीत हाय."

१२ मार्च

सु. आज फाडकन बोलली. पोळ्या लाटता लाटता. "खरं सांगा नं जाऊन त्यायले. घाईत झालं, घाईत झालं, काय लावलं?"

"काय सांगू? तुझ्या घरचं संकट मला मिळालं नाही म्हणून जळलो, हे सांगू?"

लाटणं थांबलं. तिला इतकं माहीत नव्हतं. अर्धी कणीक झाकून बाहेर निघून गेली. जेवताना ताटात तूप मात्र वाढलं.

१८ मार्च, धुळवड

युद्ध सुरूच. फळ्यासमोर कुणी विचारत नाही आता, चूक कुणाची. ओट्यावर तीच माणसं खताबद्दल बोलतात. मलाच विचारतात, कारण दुसरं कुणी नाही. पोटॅशबद्दल सांगितलं. गजाननानं नीट ऐकून घेतलं. सुख वाटायला हवं होतं.

पोरांनी रंग उडवला. फळ्यावरही उडाला. माझ्या बाजूचा मी धुतला. त्याच्या बाजूला 'दुआ करा'वर गुलाबी फराटा. ती जागा त्याची. हात लावला नाही.

यू. बाजारात दिसला, लांबून. सानियासोबत टरबूज घेत होता. तिनं मला पाहून हात वर केला. त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मला अजूनही, खरं लिहितो, त्या क्षणीसुद्धा हेवा वाटला. त्याला सोबत टरबूज घ्यायला कुणीतरी होतं. आणि माझ्यासोबत जो असायचा तो तोच.

३० मार्च

शनिवारी पाडवा. त्याच संध्याकाळी बहुतेक रमजानचा चांद. दरवर्षी आमचं ठरलेलं : पाडव्याच्या शुभेच्छा तो माझ्या अर्ध्यात लिहितो, त्याच्या मुंग्यांच्या अक्षरात. रमजानचा चांद दिसला की मी त्याच्या अर्ध्यात उर्दूत मुबारक लिहितो. त्यानंच शिकवलं. माझे नुक्ते, अक्षरांचे ठिपके, कुठंही पडतात आणि तो शाळेतल्यासारखा कान धरायला येतो.

यंदा दोन्ही एकाच दिवशी. सु.ला म्हटलं, येईल का तो? ती म्हणाली, "मले काय इचारता?"

२ एप्रिल, शनि., पाडवा

गुढी उभारून फळ्याकडं गेलो. लांबूनच कळलं, काहीतरी बदललं आहे.

उजवा अर्धा पुसलेला. नुसता पुसलेला नाही, ओल्या फडक्यानं धुतलेला. गुलाबी फराटा, दुआ, सगळं गेलेलं. मधली रेघही. बंडू म्हणाला, "युसूफ सर आले होते पहाटीच, फजरची नमाज पढून. पुसला आन गेले."

"काही बोलला?"

"नाही जी."

"माझ्या बाजूला काही लिहिलं?"

"तुमीच पाहा नं."

काही नव्हतं. शुभेच्छा नाहीत.

म्हणजे काय? सोडला त्यानं फळा? की मला जागा करून दिली, संध्याकाळच्या उर्दूसाठी? गलिच्छ दिसत होता म्हणून सणाच्या दिवशी धुतला, एवढंच? एका माणसाच्या मनातलं मला पूर्वी चालण्यावरून कळायचं.

सगळा फळा माझा. महिन्यापूर्वी कुणी दिला असता तर पेढे वाटले असते.

खडू घेतला. पाडव्याचं लिहायला लागलो, मोठ्या अक्षरांत, आख्ख्या फळ्यावर. मध्यावर आलो आणि हात थांबला. रेघ नव्हती तरी थांबला. बंडू म्हणाला, "सर, लिवा नं पुढं, जागा हाय." लिहिलं नाही. पुढचे शब्द खालच्या ओळीत घेतले. डाव्याच बाजूला.

डब्यातली पट्टी काढून खिशात टाकली. आता टेबलावर आहे.

सु.नं पुरणपोळ्यांचा डबा बांधून ठेवला आहे. म्हणाली, चांद दिसायच्या आत जा. डबाही नेईन आणि पट्टीही. पट्टी त्याच्यापुढं ठेवली की घाईत झालं असं मला म्हणता येणार नाही. आणि मग त्यानं पुन्हा "या, बसा" म्हटलं तर…

ऊन उतरलं. निघतो.